लाल बॅगेतला खलबत्ता

एक

"माझा खल सापडल्याशिवाय इथून कुणी हलायचं नाही! विमानसुद्धा नाही!"

चेक-इनच्या रांगेतली सगळी डोकी एकदम वळली. मी नुकताच चहाचा कप तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला. दुपारच्या फ्लाइटला मला सुखाने चहा मिळाला असं कधी झालेलंच नाही.

मी विमानतळावर जादा सामानाचं टेबल सांभाळते. इथे मला किलोबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण माझे कान शाबूत आहेत. सामानावरून भांडण पेटलं की काउंटरवरच्या मुली मला हाक मारतात. वजन वाचवण्यासाठी अंगावर तीन-तीन स्वेटर चढवून घाम पुसणारे, काट्यावर ठेवलेली बॅग गुडघ्याने हळूच उचलून धरणारे, जादा वजनाचा आकार भरायची वेळ आली की चक्कर येऊन पडणारे, सगळे नमुने बघून झालेत माझे. पण खल हरवला म्हणून विमान रोखणारी बाई पहिल्यांदाच पाहत होते.

काउंटरवरची मुलगी रडकुंडीला आली होती. तिने भराभर सांगितलं ते असं. एक जोडपं कायमचं परदेशी चाललं होतं. दोघांच्या मिळून चार बॅगा. तीन बिनबोभाट पट्ट्यावरून आत गेल्या. चौथी लाल बॅग काट्यावर चढली आणि आकडा आला पस्तीस. आता बत्तीसच्या वर आम्ही एकही बॅग घेत नाही, पैसे मोजायची तयारी असली तरी नाही. ती उचलणाऱ्या माणसाला पाठ एकच असते. म्हणून बॅग बाजूला घेऊन जमिनीवर उघडली, सामान कमी केलं, पुन्हा काट्यावर चढवली. आकडा आला सव्वीस. तेवीसच्या वरच्या तीन किलोंचा आकार भरून झाला. टॅग लावणार तेवढ्यात आजीबाई म्हणाल्या, "थांबा, मला एकदा बघू दे." आणि बघतात तो बॅगेतून त्यांची वस्तू गायब!

आजीबाई आमच्याच एका ट्रॉलीवर ठाण मांडून बसल्या होत्या. औषधांची भलीमोठी चामडी पर्स मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. पुढ्यात त्यांचा धाकटा मुलगा, धाकटी सून, थोरली सून आणि लेक. पोचवायला आलेल्या तिघी पास काढून आत आल्या होत्या, थोरला मुलगा म्हणे बाहेर गाडी घेऊन थांबला होता. सुटला बिचारा.

"आजी, इकडे खुर्चीवर बसा ना, ट्रॉली पुढे सरकेल," मी म्हटलं.

"मला इथेच बरं आहे."

"द्या आई, पर्स मी धरते," धाकटी सून म्हणाली.

"नको. तुम्हा लोकांच्या हातात दिलं की काय होतं ते दिसलंच आज." मग त्यांनी थोरल्या सुनेकडे बोट केलं. "हिने घेतलाय. तो मिळाला नाही ना, तर आज घरात पाऊल टाकायचं नाहीस तू. तुझ्या नवऱ्यालाही तसंच सांगते मी."

थोरलीने मान खाली घातली. एवढी माणसं बघत होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. धाकटी मात्र हुंदके देत म्हणाली, "ताईंना असं घराबाहेर काढणार असाल तर मीसुद्धा जात नाही. रद्द करा तिकीट!"

काउंटर बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता. एका खलबत्त्यापायी एकीचं घर आणि दुसरीचं विमान जायची वेळ आली होती.

दोन

"तुम्हाला म्हणून सांगते मॅडम, हे आज ना उद्या होणारच होतं."

ही लेक, म्हणजे दोन्ही सुनांची नणंद. मी विचारायच्या आतच ती मला खांबाआड घेऊन गेली. हातात जेमतेम मोबाइल मावेल एवढी पर्स, आणि जिभेला हाड नाही.

"तो खलबत्ता साधासुधा नाही. पितळी आहे, जुना, खलच तीन किलोचा भरेल. आईला तिच्या सासूने दिलेला. आमच्या घरात खलबत्ता जिच्याकडे, स्वयंपाकघर तिचं. थोरल्या वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यात कुटतायत. त्यांना वाटलं, आता आपल्यालाच मिळणार. आणि काल आईने सगळ्यांसमोर धाकटीला देऊन टाकला! वहिनींचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही."

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"तुमच्या आईचा खलबत्ता. तुम्हाला नको होता?"

ती जरा गडबडली. "मला कोण विचारतंय? मी पडले परक्या घरची. सुना आल्या की लेकीला पाहुणीसारखं बसवतात." मग सावरून म्हणाली, "पण मी खलबत्ता पळवीन कशात घालून? या पर्समध्ये?"

"बॅग उघडी होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"पाणी आणायला गेले होते. धाकटा दादा आकार किती पडेल ते विचारायला गेला. आणि या दोघी..." तिने नाक मुरडलं. "या दोघी त्या खिडकीपाशी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. सिनेमा नुसता! जावा आहेत की जुळ्या बहिणी?"

"मग बॅगेपाशी कुणीच नव्हतं?"

"असं कसं? आई बसली होती ना राखणीला! बाहेरचं कुणी फिरकलं असतं तर तिने सोडलं नसतं. म्हणून तर म्हणते, घरातल्याच कुणीतरी घेतलाय. वहिनींच्या पिशवीत बघा. जादाचं सगळं सामान त्याच पिशवीत गेलंय."

खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. मलाही एक जाऊ आहे. आमच्या दोघींत एका कपाटावरून जी धुसफूस सुरू झाली ती अजून धुमसतेच आहे. दोन जावा एकमेकींसाठी ढसाढसा रडल्या हे ऐकून माझ्या पोटात दुखलं. वाटलं, नाटक असणार. असं कुठे असतं का?

आम्ही परत आलो तर थोरलीने आपणहून कापडी पिशवी काट्याजवळ जमिनीवर ठेवली होती.

"बघा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोरच बघा."

मी एकेक वस्तू बाहेर काढली. दोन जाड पुस्तकं, लोखंडी तवा, जुनी इस्त्री. एका कडेला एक करड्या रंगाची लोकरी शाल होती, घट्ट गुंडाळी केलेली. ती हाताला जड लागली. मी ती उलगडली.

आत पितळी बत्ता होता.

तीन

"बघितलंत?" नणंद किंचाळली. "शालही वहिनींचीच आहे! सापडला खलबत्ता!"

"बत्ता सापडला," मी म्हटलं. "खल कुठाय?"

पिशवी मी उलटी करून झटकली. खल नव्हता. धाकट्या मुलाने लाल बॅग पुन्हा उपसली, तिच्यातही नव्हता. दोघांच्या हातातल्या बॅगा काउंटरवर मघाशीच वजन करून झाल्या होत्या, नियमाप्रमाणे सात किलोच्या आत. तरी त्याही उघडल्या. कपडे आणि कागदपत्रं, दुसरं काही नाही.

मी थोरलीला माझ्या टेबलापाशी बसवलं. "बत्ता तुमच्या पिशवीत कसा आला?"

"मी नाही ठेवला."

"शाल तुमची आहे."

"माझीच आहे. काल खलबत्ता मीच भरला त्या बॅगेत. पितळेला पोचे पडू नयेत म्हणून माझी चांगली शाल काढून गुंडाळली. आई समोरच बसल्या होत्या, विचारा त्यांना." मग एकदम तिचा बांध फुटला. "हो, जळले मी! खोटं कशाला बोलू? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझ्या हाताला घट्टे पडलेत त्या बत्त्याने. या घरात जे हवंहवंसं असतं ते दुसऱ्याच्या बॅगेत जातं आणि जे जादा होतं ते माझ्या पिशवीत येतं. तवा परत जाणार? द्या थोरलीकडे. इस्त्री परत जाणार? थोरली नेईल. पण म्हणून मी माझ्या जावेच्या बॅगेतून चोरी करीन? आणि नुसता बत्ता घेऊन मी करू काय, डोक्यात घालून घेऊ?"

मला हसू आलं ते मी गिळलं. तिचं म्हणणं बिनतोड होतं. चोरायचाच तर कुणी खलबत्त्यातला अर्धा भाग का चोरेल?

धाकटीला विचारलं तर तिने आणखीनच घोळ घातला. "मला तो खलबत्ता नकोच होता, मॅडम. मी काल आईंना म्हटलं, ताईंना द्या, त्यांचा जीव आहे त्याच्यात. तर त्या केवढ्या भडकल्या! म्हणाल्या, तुम्ही दोघींनी आधीच ठरवून ठेवलंय वाटतं सगळं."

"मग तुम्हीच तर नाही ना तो हळूच ताईंच्या पिशवीत सरकवलात?"

"मनात आलं होतं," ती डोळे पुसत म्हणाली. "पण ताईच म्हणाल्या, आईंनी तुला दिलाय तर ने, माझी शपथ आहे. ताई माझ्यासाठी काय आहेत ते तुम्हाला नाही कळायचं. मी या घरात नवीन होते तेव्हा..."

पुढचं मी ऐकलं नाही. मला खरंच कळणार नव्हतं आणि ते मला झोंबलं.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने येऊन माझ्या कानात सांगितलं, "मॅडम, आता फक्त त्यांचीच बॅग राहिलीय. तेवढी आली की बंद करते, नाहीतर त्यांना सोडून बंद करावं लागेल."

नणंद मोठ्याने म्हणाली, "पोलिसांना बोलवा ना! वहिनींनी खल बाहेर कुणाला तरी देऊन टाकला असेल!"

आणि थोरली पिशवी तिथेच टाकून दाराकडे चालू लागली.

चार

"थांबा!" मी ओरडले. "ती पिशवी काट्यावर ठेवा. सगळं परत भरून."

"आता कशाला तिचं वजन?" धाकटा म्हणाला. "ती तर विमानात जायचीही नाही."

"ठेवा म्हणते ना!"

माझा आवाज चढला की लोक ऐकतात. पिशवी काट्यावर गेली. आकडा आला सहा.

"आता लक्ष देऊन ऐका," मी म्हटलं. "लाल बॅग आधी पस्तीस होती, नंतर सव्वीस झाली. म्हणजे नऊ किलो बाहेर निघालं. तुम्ही काढलेलं सामान या एकाच पिशवीत गेलं, आणि ते भरतंय बत्त्यासकट सहा. मग तीन किलो कुठे गेलं? तीन किलोचा तर खल आहे. याचा अर्थ खल घरून निघाला होता, इथे काट्यावर चढला होता, आणि बॅग उघडी असताना इथेच बाहेर निघाला. आत गेलेल्या तीन बॅगांत तो असूच शकत नाही, त्या आधीच गेल्या होत्या."

"मग वहिनी..." नणंदेने सुरुवात केली.

"वहिनींच्या पिशवीत नाही, अंगावर लपवायची ती वस्तू नव्हे, आणि बॅग उघडी होती तेव्हा त्या खिडकीपाशी होत्या, हे तुम्हीच सांगितलंत. तुमच्या पर्समध्ये मावत नाही. जाणाऱ्या दोघांच्या बॅगा वजन करून, उघडून झाल्या." एवढं बोलून मी थांबले. पुढचं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, पण ते चारचौघांत बोलावं असं वाटेना.

विमानतळावर जाणाऱ्या माणसाची चिंधीसुद्धा काट्यावर चढते. पोचवायला आलेल्या माणसाचं वजन कुणी करत नाही.

शिवाय मघापासून काहीतरी माझ्या कानाला खटकत होतं, ते आता सापडलं. मराठी माणूस कधी म्हणतो का, माझा खल हरवला? खलबत्ता हरवला म्हणतो. नणंद खलबत्ता म्हणाली, धाकटी खलबत्ता म्हणाली, थोरलीही तेच. दोन वस्तू असल्या तरी आपल्या तोंडात शब्द एकच. बत्ता वेगळा निघाल्यावर मग आम्ही सगळे खल, खल करायला लागलो. पण त्याच्याही आधी, पिशवी उघडायच्या कितीतरी आधी, एका माणसाने "माझा खल" म्हणून टाहो फोडला होता. दोन्हीची ताटातूट झालीय हे तेव्हा फक्त ती करणाऱ्यालाच माहीत असणार.

मी ट्रॉलीचा दांडा धरला आणि आजीबाईंना ट्रॉलीसकट ढकलत माझ्या टेबलाकडे घेऊन गेले.

पाच

"पर्स उघडा आजी."

"औषधं आहेत माझी."

"तीन किलोची औषधं घेणारा माणूस असा ठणठणीत ओरडत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं रोखून पाहिलं की वाटलं, आता दुसरा टाहो फोडणार. पण त्यांचे हात आपोआप सैल पडले. पर्सची चेन मीच ओढली. गोळ्यांच्या पाकिटांखाली पितळ चमकलं.

"का केलंत असं?" मी हळू आवाजात विचारलं.

त्यांनी गोळ्यांची पाकिटं नीट लावली. मग बोलायला लागल्या त्या थांबेनात.

"दोन सुना आणल्या मी. वाटलं, दोघी माझ्या भोवती असतील. तर या दोघी एकमेकींच्याच झाल्या. स्वयंपाकघरात हसतात, मी गेले की गप्प. धाकटा कामावरून फोन करतो तो वहिनीला. आईला काय, तब्येत कशी आहे एवढंच. मी मुद्दाम खलबत्ता धाकटीला दिला. म्हटलं, बघू आता किती दिवस टिकतं यांचं गूळपीठ. तर थोरली भांडली नाही, रुसली नाही. उलट माझ्यादेखत आपली शाल काढून गुंडाळायला बसली! माझा नुसता तिळपापड झाला. आणि आज? मुलगा-सून कायमचे चाललेत. धाकटी मला नमस्कार करून मोकळी झाली आणि हिच्या गळ्यात पडून ऊर फुटेस्तोवर रडली. माझ्यासाठी कोण असं रडलं कधी? मी बसले ट्रॉलीवर, सामानाची राखण करत."

"म्हणून बत्ता तिच्या पिशवीत आणि खल तुमच्या पर्समध्ये."

"सगळाच तिच्या पिशवीत टाकणार होते. पण पिशवी भरलेली, खल काही आत मावेना. पर्स मांडीवरच होती."

मला त्यांचा संताप यायला हवा होता. तो तेवढा आला नाही. मघाशी माझ्या पोटात जे दुखलं होतं तेच त्यांच्या पोटात दुखत होतं, फक्त त्यांनी त्या दुखण्याचं औषध दुसरीच्या पिशवीत टाकलं होतं.

"एका बाईला घराबाहेर काढायला निघाला होतात तुम्ही," मी म्हटलं. "तिकडे जाऊन तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तुम्हीच सांगा. नाहीतर म्हणा, इथेच कुठे पडलेला सापडला."

"ते मी म्हणणार नाही."

आजीबाई उठल्या. खल दोन्ही हातांत धरून सगळ्यांसमोर गेल्या आणि त्यांनी तो काट्यावर ठेवला. आकडा आला तीन. मुलगा नुसता "आई?" म्हणाला. नणंदेचा चेहरा खर्रकन उतरला. ती काहीतरी पुटपुटली त्यातलं फक्त "वहिनी" एवढंच मला ऐकू आलं.

थोरली दारापासून परत आली होती. तिने खल उचलला, बत्ता आत ठेवला, शालीत गुंडाळला आणि लाल बॅगेत कपड्यांच्या मधोमध बसवला. "तुझा आहे, ने," ती धाकटीला म्हणाली. "आता रडू नकोस, तिकडे पोचल्यावर फोन कर." बॅग बत्तीसच्या आत बसली. वाढलेल्या वजनाचा आकार मी घेतला नाही, त्याबद्दल वरच्यांनी विचारलं तर बघता येईल. टॅग लागला, पट्टा सुरू झाला. जोडपं धावत आत गेलं. धाकटी वळून वळून बघत होती, कुणाकडे ते सांगायला नको.

मागे तिघी उरल्या.

"मी रागाच्या भरात बोलून गेले," आजीबाई थोरलीला म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "ते काही मनावर घेऊ नकोस. घरी चल."

"येणार तर," थोरली म्हणाली. आवाजात राग नव्हता, डोळेही कोरडे होते. "घर माझंही आहे. मुलं शाळेतून येतील एवढ्यात." तिने तवा, इस्त्री, पुस्तकं भरलेली पिशवी खांद्याला लावली. "चला सासूबाई, हे गाडीत खोळंबलेत."

आजीबाई चमकल्या. "काय म्हणालीस?"

"सासूबाई म्हणाले."

"इतकी वर्षं आई म्हणतेस तू मला."

"म्हणत होते," थोरली म्हणाली आणि निघाली.

आजीबाईंनी ट्रॉलीचा दांडा धरला. शेवटी लेकीने दंडाला धरून त्यांना दाराकडे नेलं. थोरली पुढे चालली होती, त्यांना गाठता येईल एवढ्या सावकाश, पण मागे वळून ती एकदाही पाहत नव्हती.